दीर्घकाळ परदेशी जाताना : सेमाडोह परिसरातील कुटुंबांसाठी माहिती

अमरावती जिल्ह्याच्या चिखलदरा तालुक्यात, परतवाडा–धारणी मार्गावर, सिपना नदीच्या काठी सेमाडोह हे गाव आहे. १९७४ साली स्थापन झालेल्या मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलाने ते वेढलेले आहे. या परिसरातील कोरकू कुटुंबांना स्थलांतर नवे नाही. पावसाळी पीक निघाल्यावर कामासाठी वऱ्हाडाच्या सपाट मुलखात, मध्य प्रदेशात किंवा मोठ्या शहरांकडे जावयाचे आणि होळीच्या सणाला घरी परतावयाचे, ही रीत जुनीच आहे. आता मात्र दहावी-बारावी, आय.टी.आय. किंवा नर्सिंगचे शिक्षण घेतलेली मुलेमुली आखाती देश, जर्मनी, इंग्लंड अशा ठिकाणांविषयी विचारू लागली आहेत.

हंगामी स्थलांतर आणि दीर्घकाळचा परदेशवास यांत मोठा फरक आहे. हंगामी कामाला गेलेल्या माणसाचे घर, शेत, शिधापत्रिका आणि मतदार यादीतील नाव जागच्या जागी राहते. काही बिघडले तर तो बसने परत येतो. परदेशी गेलेल्या माणसाला होळीला परतण्याची खात्री नसते. त्याचा प्रत्येक व्यवहार कागदावर चालतो आणि एखादा कागद कमी पडला तर तो मिळविण्यासाठी गावातील दुसऱ्या कोणाला तरी धावावे लागते. सेमाडोहहून जिल्ह्याचे ठिकाण सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. यास्तव आमचे सांगणे एकच आहे : परदेशातील बहुतेक अडचणींचे मूळ घरी अपुऱ्या राहिलेल्या तयारीत असते आणि ती तयारी निघण्यापूर्वीच पूर्ण करणे सर्वांत स्वस्त पडते. पुढील माहिती त्याच क्रमाने दिली आहे.

१. नाव आणि जन्मतारीख

पहिली अडचण बहुधा नावाची असते. स्नानसंस्काराच्या नोंदवहीत एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि आधार कार्डावर तिसरे, असे आपल्या अनेक घरांत आढळते. कोठे आडनाव गावावरून लागलेले असते, कोठे वडिलांचे नाव दोन प्रकारे लिहिलेले असते. गावात यामुळे काही अडत नाही, कारण माणूस सर्वांच्या ओळखीचा असतो. परदेशातील अधिकाऱ्यापुढे मात्र दोन नावे म्हणजे दोन माणसे ठरतात.

पासपोर्टवर नाव आणि आडनाव हे दोन्ही रकाने भरलेले असावेत. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून केवळ एकच नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटन व भेटीचा व्हिसा देणे बंद केले. नावात फरक असल्यास महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा आणि त्यानंतर सर्व कागद एकाच नावावर आणावेत. सर्व कागद दुरुस्त झाल्यानंतरच पासपोर्टसाठी अर्ज करावा. आधी पासपोर्ट आणि मग दुरुस्ती, असा उलटा क्रम महागात पडतो.

घरी झालेल्या जन्माची नोंद पुष्कळदा राहून गेलेली असते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ प्रमाणे एक वर्षानंतरची नोंद करण्यासाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या पासपोर्टसाठी जन्म प्रमाणपत्र हाच जन्मतारखेचा पुरावा धरला जातो. त्यापूर्वी जन्मलेल्यांना शाळा सोडल्याचा दाखला व इतर काही कागद चालतात. परंतु पुढे कुटुंबाला परदेशी नेताना जन्म प्रमाणपत्र बहुतेक देश मागतातच. म्हणून घरातील प्रत्येकाची नोंद पाहून ठेवावी.

अनुसूचित जमातीच्या कुटुंबांनी जात प्रमाणपत्राची वैधताही निघण्यापूर्वी करून घ्यावी. उद्या मुलांना शिक्षणासाठी तिची गरज लागेल, तेव्हा वडिलांचे वैधता प्रमाणपत्र हा महत्त्वाचा आधार ठरतो. अमरावती येथे यासाठी जमात प्रमाणपत्र तपासणी समिती आहे.

२. पासपोर्ट आणि उत्प्रवासन परवानगी

अमरावती व अकोला हे दोन्ही जिल्हे नागपूरच्या क्षेत्रीय पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत येतात. अर्जासोबत दहावी उत्तीर्ण झाल्याचा पुरावा दिला नाही, तर सामान्यतः पासपोर्टवर ‘ईसीआर’ अशी नोंद होते. तिचा अर्थ असा की, ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी उत्प्रवासन परवानगी घेणे आवश्यक आहे. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत, ओमान, बहरीन, मलेशिया आदी देश या यादीत आहेत. ही तरतूद १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यावर आधारलेली असून, कमी शिकलेल्या कामगाराची फसवणूक होऊ नये हा तिचा हेतू आहे.

दहावी उत्तीर्ण असूनही पुरावा जोडला नाही म्हणून ईसीआर पासपोर्ट मिळाल्यास नंतर पुन्हा अर्ज करावा लागतो. गुणपत्रिका हरवली असेल तर अमरावती विभागीय मंडळाकडून दुसरी प्रत आधी मिळवावी. ईसीआर पासपोर्ट असलेल्या महिलेस या देशांत नोकरीसाठी जाण्यास किमान ३० वर्षे वयाची अट आहे. परिचारिकांना तर पासपोर्ट कोणत्याही प्रकारचा असला तरी २०१५ पासून या देशांसाठी परवानगी लागते.

परवानगीबरोबर प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा उतरविला जातो. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास दहा लाख रुपयांचे संरक्षण त्यात आहे. पर्यटन किंवा भेटीच्या व्हिसावर कामाला जाणारा मनुष्य ही परवानगी टाळून जातो आणि त्याबरोबर हा विमाही गमावतो. तेथे पोहोचल्यावर तो बेकायदा कामगार ठरतो. वेतन मिळाले नाही तरी तक्रार करण्याचे धैर्य त्याला होत नाही. “आधी भेटीच्या व्हिसावर चला, कामाचा व्हिसा तेथे गेल्यावर करून देऊ” असे कोणी म्हणाल्यास तेथेच थांबावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

३. एजंट आणि करार

परदेशी नोकरीसाठी माणसे पाठविण्याचा अधिकार परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी झालेल्या एजंटालाच आहे. गावोगावी फिरणाऱ्या मध्यस्थास तो नाही, मग तो नात्यातला असो की ओळखीचा. एजंटाचा नोंदणी क्रमांक मागून तो ‘ई-मायग्रेट’ या शासकीय संकेतस्थळावर तपासून पाहावा. नोंदणीकृत एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावरील वस्तू व सेवा कर एवढेच सेवाशुल्क घेता येते, आणि त्याची पावती देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. रक्कम बँकेतून द्यावी. लाख-दीड लाखाची मागणी होऊ लागली, की सावध व्हावे. शेत गहाण टाकून किंवा सावकाराकडून घेतलेल्या पैशावर परदेशी जाणाऱ्याची पहिली दोन वर्षे कर्ज फेडण्यातच जातात आणि वाईट मालकाला सोडून येण्याची मोकळीक त्याला उरत नाही.

करार समजेल अशा भाषेत वाचून घ्यावा. त्यात मालकाचे नाव, कामाचे स्वरूप, मूळ वेतन, कामाचे तास, आठवड्याची सुट्टी, राहण्याची व जेवणाची सोय, वैद्यकीय खर्च, रजेचे व परतीचे विमानभाडे या बाबी स्पष्ट असाव्यात. कराराची एक प्रत घरी ठेवून मगच निघावे. पासपोर्ट मालकाने ताब्यात ठेवणे योग्य नाही. संयुक्त अरब अमिराती, कतार यांसारख्या देशांच्या कायद्यांतही त्यास मनाई आहे. कतारने २०२० साली नोकरी बदलण्यासाठी जुन्या मालकाच्या ना-हरकत पत्राची अटही काढून टाकली. हे हक्क माहीत असलेला कामगार सहसा दबत नाही.

नियम अचानक बदलतात हेही ध्यानात ठेवावे. इंग्लंडमध्ये वृद्धसेवा केंद्रांत काम करण्यासाठी अनेक भारतीय गेले. परंतु मार्च २०२४ पासून अशा सेवकांना पती, पत्नी वा मुले सोबत नेण्यास बंदी झाली आणि २२ जुलै २०२५ पासून या कामासाठी परदेशातून नवी भरतीच बंद करण्यात आली. मागील वर्षी गेलेल्या मित्राचा अनुभव यंदा लागू पडेलच असे नाही. म्हणून पैसे भरण्यापूर्वी त्या देशाच्या शासकीय संकेतस्थळावरील नियम पाहावेत.

४. कागदपत्रांचे प्रमाणीकरण

आपले प्रमाणपत्र खरे आहे, हे परदेशी शासनास पटवून देण्याची ठरलेली पद्धत आहे. भारत २००५ साली हेग येथील ॲपोस्टिल करारात सहभागी झाला. या करारातील बहुतेक देशांसाठी परराष्ट्र मंत्रालयाची ॲपोस्टिल मोहोर पुरते. ओमान, बहरीन हे देश यात आधीच होते. सौदी अरेबिया २०२२ मध्ये व कॅनडा जानेवारी २०२४ मध्ये आला. संयुक्त अरब अमिरातीसारख्या करारात नसलेल्या देशांसाठी मंत्रालयाच्या प्रमाणीकरणानंतर त्या देशाच्या दूतावासाचेही प्रमाणीकरण लागते. शिक्षणाचे कागद त्याआधी राज्य शासनाच्या स्तरावर तपासले जातात. कोणत्या कामासाठी कोणता कागद व कोणती मोहोर लागेल, हे त्या त्या दूतावासाकडून लेखी समजून घ्यावे.

यास आठवडे, कधी महिने लागतात. जन्म व विवाह प्रमाणपत्र, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदविका, अनुभवाचे दाखले आणि पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र यांचा संच एकाच वेळी तयार करावा. परिचारिकांनी महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी चालू ठेवावी. परदेशी संस्था तिची पडताळणी थेट परिषदेकडूनच मागतात.

५. भाषा आणि पात्रतेची मान्यता

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार उमेदवारांचा उल्लेख झाला आणि परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वाहनचालक, हॉटेल कर्मचारी अशा अनेक कामांची नावे पुढे आली. साहजिकच खेड्यापाड्यांतूनही चौकशी सुरू झाली. परंतु शासनांमधील करारामुळे कोणाला आपोआप व्हिसा मिळत नाही. प्रत्येक उमेदवाराला भाषेची परीक्षा, पात्रतेची मान्यता आणि प्रत्यक्ष मालकाचा करार हे तीन टप्पे स्वतःच ओलांडावे लागतात.

जर्मन भाषेच्या पायऱ्या ए-१ पासून सुरू होतात. परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळविण्यासाठी तेथील बहुतेक राज्यांत बी-२ ही चौथी पायरी गाठावी लागते. नर्सिंग हा तेथे नियंत्रित व्यवसाय असल्याने मान्यतेशिवाय परिचारिका म्हणून काम करता येत नाही. तोवर साहाय्यक म्हणून, कमी वेतनावर राहावे लागते. शिक्षणासाठी जाणाऱ्यास खर्चाची तरतूद दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो इतकी ठरविण्यात आली. अनुसूचित जमातीच्या हुशार विद्यार्थ्यांसाठी केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्यात दरवर्षी २० जागा असतात. पदवीनंतरच्या उच्च शिक्षणाचा विचार करणाऱ्यांनी ती अवश्य पाहावी.

सेमाडोहच्या मुलाने घरी कोरकू, शाळेत मराठी आणि बाजारात हिंदी आत्मसात केलेली असते. चौथी भाषा त्याला जड जाणार नाही, मात्र वेळ द्यावा लागेल. आपल्याकडे आलेल्यांनीही हेच केले होते. संत फ्रान्सिस द सेल्स संघाचे पहिले धर्मगुरू १८४५ साली सव्हॉय प्रांतातून भारताकडे निघाले. पुढे त्यांच्या संघाने नागपूर मिशनचे काम केले. १८८७ साली नागपूर धर्मप्रांत आणि १९५५ साली अमरावती धर्मप्रांत स्थापन झाला. परक्या मुलखात राहावयाचे तर आधी तेथील भाषा शिकावी लागते, हा नियम तेव्हाही होता.

६. आरोग्य

आखाती देशांच्या व्हिसासाठी ठरवून दिलेल्या केंद्रांतच वैद्यकीय तपासणी होते. छातीच्या क्ष-किरण चित्रात क्षयरोगाची जुनी, बरी झालेली खूण दिसली तरी उमेदवार अपात्र ठरू शकतो. म्हणून एजंटाला पैसे देण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्यावे.

विदर्भातील आदिवासी व इतर काही समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आढळतो. केंद्र शासनाने १ जुलै २०२३ पासून त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे. या तपासणीचा निकाल प्रत्येकाने जाण्यापूर्वी माहीत करून घ्यावा. सिकलसेलच्या रुग्णास तीव्र उन्हात शरीरातील पाणी कमी झाल्यास वेदनेचे झटके येऊ शकतात आणि कडाक्याची थंडीही बाधते. त्याने आखातातील उघड्यावरचे बांधकाम स्वीकारू नये. केवळ वाहक असलेल्या व्यक्तीस सहसा त्रास नसतो, तरीही भरपूर पाणी पिणे, अतिश्रमात विश्रांती घेणे आणि डॉक्टरांना ही माहिती देणे हिताचे असते.

नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि मूळ वेष्टनातच न्यावीत. कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेली औषधे भारतात चिठ्ठीवर मिळतात. संयुक्त अरब अमिरातीत मात्र ती परवानगीशिवाय नेल्यास गुन्हा ठरतो. कोणी दिलेले बंद पाकीट “तेवढे पोहोचवून द्या” म्हणून घेऊ नये, हेही येथेच सांगून ठेवतो.

७. बँक, कर आणि शेती

नोकरीसाठी परदेशी स्थायिक होणारी व्यक्ती परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ प्रमाणे अनिवासी ठरते. तिचे येथील साधे बचत खाते ‘एनआरओ’ प्रकारात बदलून घ्यावे लागते. परदेशातील कमाई ठेवण्यासाठी ‘एनआरई’ खाते उघडता येते. त्यातील रक्कम पुन्हा परदेशी नेता येते व त्यावरील व्याज भारतात करमुक्त असते. भविष्य निर्वाहाचे जुने पी.पी.एफ. खाते मुदतीपर्यंत चालू ठेवता येते, पण अनिवासी व्यक्तीला नवे उघडता येत नाही. प्रत्येक खात्यावर वारसाचे नाव नोंदवावे. बँकेशी जोडलेला मोबाइल क्रमांक बंद पडला तर परदेशातून खाते चालविणे दुरापास्त होते. म्हणून तो क्रमांक चालू ठेवण्याची व्यवस्था करून जावी.

शेतीबाबत अधिक दक्षता हवी. अनिवासी भारतीयास शेतजमीन खरेदी करता येत नाही. मात्र आधीपासून नावावर असलेली जमीन ठेवता येते आणि वारसाने आलेली स्वीकारता येते. सातबाऱ्यावर अद्याप आजोबांचेच नाव असेल, तर वारस नोंद करून घेतल्यावरच निघावे. भावंडांतील वाटणी राहिली असल्यास तीही समोरासमोर बसून लेखी करावी. वनहक्क कायदा, २००६ प्रमाणे मिळालेला पट्टा वारसाने पुढे जातो, पण तो विकता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीस विकता येत नाही, तशीच मक्त्यानेही देता येत नाही. “तुम्ही परदेशी चाललात, शेत पडीक राहील, पाच वर्षे आम्हांस द्या” अशा बोलण्यावर कोऱ्या कागदावर सही करू नये.

मुखत्यारपत्र करावयाचे तर विश्वासाच्या एकाच व्यक्तीच्या नावे, ठरावीक कामापुरते आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदवून करावे. परदेशी गेल्यावर ते करण्याची वेळ आल्यास भारतीय दूतावासात सही प्रमाणित करून घ्यावी लागते आणि कागद महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत येथील मुद्रांक शुल्क भरावे लागते.

८. मागे राहणारे आईवडील

परदेशवासाचा खरा भार बहुधा घरी राहिलेल्या वृद्धांवर पडतो. पैसे खात्यात आले तरी ते काढून आणण्यासाठी कोणी तरी बाजारगावी जावे लागते. मेळघाटातील अनेक पाड्यांत मोबाइलचे नेटवर्क भरवशाचे नसते. सेमाडोहपासून पुढे असलेल्या हरिसालला २०१६ साली ‘डिजिटल गाव’ म्हणून ओळख मिळाली, पण आसपासच्या सर्व वस्त्यांची स्थिती सारखी नाही.

म्हणून जाण्यापूर्वी काही गोष्टी घरच्यांसोबत बसून ठरवाव्यात. आजारपणात दवाखान्यात कोण नेणार? दरमहा किती रक्कम पाठवावयाची आणि ती कोणाच्या खात्यात? फोन लागला नाही तर निरोप कोणाकडे द्यावयाचा? लहान मुले मागे ठेवली तर शाळेच्या कागदांवर पालक म्हणून सही कोण करणार? ही जबाबदारी घेणाऱ्या भावाला किंवा बहिणीला तिचा मोबदला व अधिकार दोन्ही द्यावेत. केवळ मायेवर दहा वर्षे भार टाकल्यास नात्यात कटुता येते. शिधापत्रिकेवरील सदस्यांचीही खरी स्थिती कळवावी, म्हणजे पुढे संपूर्ण कुटुंबाचे धान्य अडणार नाही.

९. धर्मग्रामाची नोंदवही

कॅथॉलिक कुटुंबांना आणखी एका कागदाची गरज पडते, तो म्हणजे स्नानसंस्काराचा दाखला. परदेशात ख्रिस्ती विवाह करावयाचा असल्यास तेथील धर्मगुरू अलीकडेच दिलेला दाखला आणि अविवाहित असल्याचा पुरावा मागतात. जुनी छायांकित प्रत चालत नाही, कारण विवाहाची नोंद स्नानसंस्काराच्या वहीत केली जाते आणि ताज्या दाखल्यावरच ती दिसते. परदेशात झालेल्या विवाहाची माहिती मूळ धर्मग्रामाकडे पोहोचली की नाही, याचीही खात्री करावी. वहीतील व पासपोर्टवरील नावे भिन्न असल्यास निघण्यापूर्वीच धर्मगुरूंना भेटावे.

उपासनेची सोय देशागणिक वेगळी आहे. बहरीनच्या मनामा शहरात १९३९ पासून चर्च आहे. कतारमध्ये दोहा येथे २००८ साली चर्च उघडले. सौदी अरेबियात सार्वजनिक चर्च नाही. तेथे जाणाऱ्याने हे आधीच समजून घ्यावे. जर्मनीत नव्या घरी राहावयास गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्या अर्जात धर्माचा रकाना असतो. तेथे ‘कॅथॉलिक’ लिहिल्यास आयकराच्या ८ टक्के (बाडेन-वुर्टेमबर्ग व बव्हेरियात) किंवा ९ टक्के (इतर राज्यांत) इतका चर्चकर वेतनातून कापला जातो. ही कपात पाहून गोंधळून जाऊ नये. ती टाळण्यासाठी शासनदरबारी चर्चमधून नाव काढणे हा मोठा निर्णय आहे. जर्मन बिशपांच्या २०१२ च्या आदेशानुसार तसे करणाऱ्यास संस्कार स्वीकारण्यावर बंधने येतात. सही करण्यापूर्वी तेथील धर्मगुरूंशी बोलावे.

१०. मुले, मतदान आणि नागरिकत्व

परदेशात जन्मलेल्या अपत्याची नोंद एक वर्षाच्या आत भारतीय दूतावासात करावी, अन्यथा त्याचे भारतीय नागरिकत्व अडचणीत येते. भारतीय नागरिकत्व कायम ठेवणाऱ्यास ‘नमुना ६-अ’ भरून आपल्या गावच्या यादीत अनिवासी मतदार म्हणून नाव ठेवता येते, परंतु मत देण्यासाठी स्वतः येथे यावे लागते. भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करीत नाही. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतल्यास भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. त्यानंतर ‘ओसीआय’ कार्ड घेता येते. त्यावर भारतात राहता व बहुतेक कामे करता येतात, पण मतदानाचा हक्क आणि शेतजमीन खरेदीची मुभा मिळत नाही.

११. संकट आल्यास

वेतन थकले, मारहाण झाली किंवा तुरुंगवास घडला, तर भारतीय दूतावासाशी संपर्क साधावा. २०१५ पासून ‘मदद’ या शासकीय संकेतस्थळावर घरचे लोकही तक्रार नोंदवू शकतात. त्यासाठी पासपोर्टची प्रत, कराराची प्रत आणि मालकाचा पत्ता घरी असणे अत्यावश्यक आहे. हे कागद घरी नसतील, तर नातलगांना आपला माणूस नेमका कोठे आहे हेही सांगता येत नाही.

परदेशात मृत्यू झाल्यास तेथील मृत्यू प्रमाणपत्र, पोलिसांचा दाखला, दूतावासाचे ना-हरकत पत्र, रद्द केलेला पासपोर्ट व शव टिकविण्याच्या प्रक्रियेचे प्रमाणपत्र लागते. खर्च मालकाने किंवा विम्याने करावयाचा असतो. ते न झाल्यास, २००९ साली स्थापन झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून गरजूंना साहाय्य मिळू शकते. हा विषय अप्रिय आहे, परंतु घरातील एकाला तरी ही माहिती असावी.

१२. परत येण्याची तयारी

आखाती देशांत परदेशी कामगारास सहसा निवृत्तिवेतन नसते. नोकरी संपताना सेवेच्या वर्षांनुसार एकरकमी रक्कम मिळते. ती घर बांधण्यात संपली, तर पन्नाशीनंतर हाती काही उरत नाही. जर्मनीत वेतनातून निवृत्तिवेतनाची वर्गणी कापली जाते आणि मे २०१७ पासून भारत व जर्मनी यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार लागू आहे. त्यामुळे तेथील वेतनपत्रके व विमा क्रमांक आयुष्यभर जपून ठेवावेत. किती वर्षांसाठी जावयाचे, किती शिल्लक झाल्यावर परतावयाचे, याचा आकडा निघतानाच घरच्यांशी ठरवावा. तो पुढे बदलता येईल, पण आकडाच नसेल तर मुक्काम लांबत जातो.

शेवटी एक सोपी सूचना. वर सांगितलेल्या सर्व कागदांच्या प्रतींचे दोन संच करावेत. एक सोबत न्यावा आणि दुसरा घरी, पत्र्याच्या पेटीत, पाणी लागणार नाही असा ठेवावा. तो कोठे आहे हे घरातील दोन माणसांना ठाऊक असावे, आणि त्यांपैकी एकाला तरी तो वाचता यावा. आपल्या परिसरातील शिक्षकांनी व धर्मग्रामांच्या युवक मंडळांनी एखादा रविवार या कामासाठी काढला, तर कोणाचे नाव चुकले आहे, कोणाची वारस नोंद राहिली आहे, हे मुले दहावीला असतानाच कळेल आणि दुरुस्तीला पुरेसा अवधी मिळेल.